एकाच कंपनीची काठी

काल खाडीच्या जेट्टीवर माझ्या गळाच्या काठीचं टोक मोडलं. मासा काही मोठा नव्हता, पाऊण किलोची तांबोशी असेल. बारा वर्षं मी एकाच कंपनीची काठी वापरतोय. ही तिसरी होती. नवी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, त्यांचा माल आता पूर्वीसारखा राहिला नाही. ही दुसरी घेऊन बघा." या दुसरीत त्याला जास्त पैसे सुटत असणार, अशी मला लगेच शंका आली. मी हट्टाने जुन्याच कंपनीची चौथी काठी घेऊन आलो.

आज सकाळी जेट्टीवर माझ्या शेजारी सुलभाताई गळ टाकून गरवायला बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या रोज येतात. त्यांची काठी नेमकी त्या दुसऱ्या कंपनीची. "धरून तर बघा," म्हणाल्या. दुकानदाराने यांनाही पढवलंय की काय, असं क्षणभर वाटून गेलं. तरी धरली. हलकी होती. तळाशी कुठलासा मासा आमिषाला नुसतं तोंड लावून गेला, तेही बोटांना कळलं.

मग संशय माझ्याकडेच वळला. इतकी वर्षं मी काठीशी एकनिष्ठ होतो, की तेव्हाची आपली निवड चुकली नव्हती, एवढंच जपत होतो?

"कशी वाटली?" सुलभाताईंनी विचारलं.

"ठीक आहे. पण आमचीच बरी."

"मग द्या की इकडे," त्या हसून म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केला होता, आणि माझी बोटं काही त्यांच्या काठीच्या मुठीवरून सुटत नव्हती.