टाकीचं प्रॅक्टिकल

"तेरे पप्पा नाली का काम करते हैं ना?"

सरांनी भर वर्गात विचारलं. सर तेलुगू, आम्ही मराठी, म्हणून आमच्याशी हिंदीत बोलायचे. मी उभी राहिले. प्रवेशाच्या फॉर्मवर बापाच्या धंद्यापुढे मी 'मजुरी' लिहिलं होतं. पण एकदा सरांच्या घरची नाली तुंबली तेव्हा ठेकेदारानं बाबांनाच पाठवलं होतं. बाबांनी तिथं मोठ्या कौतुकानं सांगितलं, माझी पोरगी तुमच्याच कॉलेजात शिकते.

"हां सर," मी म्हणाले.

"तो गुरुवार को बुला ले. टंकी भी साफ हो जाएगी, प्रॅक्टिकल भी हो जाएगा."

कॉलेजच्या मागची संडासाची टाकी भरून वाहत होती. आणि आमचं एक प्रॅक्टिकल राहिलं होतं: बंद जागेत माणूस उतरवताना काय काळजी घ्यायची. औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा कोर्स. आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागते म्हणून मी तो घेतला होता. सरांनी एका दगडात दोन्ही कामं उरकायचं ठरवलं. दगड माझा बाप.

वर्ग हसला. मोठ्यानं नाही. माझ्या शेजारची मुलगी वहीसकट थोडी सरकून बसली. तेवढंच. पण ते सरकणं मला आजही दिसतं.

माझ्या आज्यानं गावकीची सगळी घाण कामं सोडून दिली होती. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाला, गावानं पाणी बंद केलं तरी ओढलं नाही. त्याचा मुलगा शेतमजुरी सुटली म्हणून शहरात आला आणि ठेकेदारानं त्याच्या हातात बादली दिली. कामाला घेताना जात विचारत नाहीत. बादली मात्र बरोबर आमच्याच हातात येते.

सरांनी पुस्तक उघडलं, सांगायला लागले. मी मान खाली घालून लिहीत होते. टाकीत एक गॅस असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो. गॅस वाढला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. माणसाला वाटतं वास गेला. मग तो कोसळतो.

माझा हात थांबला.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, एका तेलगिरणीच्या टाकीत मेले. मी तेव्हा लहान होते. बाबा वर दोरी धरून उभे होते. मोठेबाबा खालून ओरडले, "वास गेला रे, आता बरं हाय." त्यानंतर आवाज आला नाही. गिरणीचा मालक म्हणाला, पिऊन उतरला होता. कागदावरही तेच लिहिलं गेलं. मोठेबाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण मालकानं सांगितलं, चार लोकांनी सांगितलं, आणि शेवटी आमच्याच घरात म्हणायला लागले, असंल घेतली त्या दिवशी. मोठीआई बायकांत बसेनाशी झाली. दारुड्याची विधवा म्हणूनच मेली.

सर पुढे सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं. एवढी वर्षं आम्ही आमच्याच माणसाची लाज वाटून घेतली.

संध्याकाळी बाबांना वही वाचून दाखवली. म्हटलं, "बाबा, मोठेबाबा पेलेले नव्हते. गॅसनं मेले. हवा न तपासता उतरवलं त्याहिनं."

बाबांनी माझ्या हातातली वही मिटवली. "आता सांगून काय होते, माय?" एवढंच बोलले.

गुरुवारचं मी सांगितलंच नाही. पण सरांनी ठेकेदाराला फोन केला होता.

गुरुवारी कॉलेजच्या मागे गेले तर बाबा तिथं उभे. सदरा काढून भिंतीवर घडी करून ठेवलेला. कमरेला सुताची दोरी. टाकीचं झाकण उघडं. वर्ग रुमाल नाकाला लावून गोल उभा. सरांच्या हातात नवा पट्टा होता, खांद्यावरून, मांड्यांवरून बांधायचा. त्याचे हूक ते एका पोराच्या अंगावर लावून दाखवत होते.

त्या पोरानंच विचारलं, "सर, ये अंकल को नहीं पहनाना?"

"खराब हो जाएगा. धोएगा कौन?"

बाबा हसले. साहेब लोकांसमोर हसतात तसं. मला ते हसणं सहन झालं नाही.

मी पिशवीतून परमिटचा कागद काढला. उतरण्याआधी भरायचा असतो तो. सरांनीच आम्हाला दिला होता.

"सर, हे भरायचं राहिलं."

मी वाचत गेले. हवा कोणी तपासली? तपासायचं यंत्र कपाटात, त्यात सेल नव्हता. वरती वाचवायला कोण उभं आहे? कोणीच नाही. परवानगी देणाऱ्याचं नाव आणि सही?

"सही करा सर. मग उतरवा."

"तू मेरे को सिखाएगी?"

"तुम्हीच शिकवलं, सर."

ते बाबांकडे वळले. "समझाओ इसको."

बाबा जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "सरक बाई. काऊन असं करून राह्यली? तुह्या शिक्षणाचं काय होईन?"

मी टाकीच्या तोंडाशी जाऊन बसले. "तुमी उतरले तर मीबी उतरीन."

सरांच्या खिशात दोन पेनं होती. एकही बाहेर आलं नाही. माझा बाप खाली मेला तर आपलं नाव कागदावर नको, हे त्यांना चांगलं समजत होतं. म्हणजे धोकाही समजत होता. सगळं समजून उतरवत होते.

बाबांनी कमरेची दोरी सोडली. सदरा घातला. माझ्याकडे न बघता फाटकाबाहेर निघून गेले.

ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. प्रॅक्टिकलला सरांनी मला गैरहजर दाखवलं. मंगळवारी बाहेरगावची दोन माणसं आणली, तशीच उतरवली. ती जिवंत वर आली. सर वर्गात म्हणाले, "देखा? कुछ हुआ क्या?"

मी उभी राहिले. "वाचले, सर. वाचवले नाहीत."

मला बाहेर काढलं.

ते प्रॅक्टिकल मी पुन्हा देणार आहे. कलेक्टर कचेरीत लेखी अर्ज दिला आहे, यंत्राचा, पट्ट्याचा, त्या दोन माणसांचा. पोच घेतली आहे. आता रोज सकाळी ठेकेदाराची माणसं जिथं उभी राहतात तिथं जाते आणि त्या गॅसचं सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, पोरी, आमचं काम घालवशील. ठेकेदाराचा निरोप आला, पोरीला आवरा. बाबांनी तो मला जेवताना सांगितला. खूप दिवसांनी माझ्याशी बोलले, ते हेच.

मी आवरणार नाही. या शहरात माणूस उतरवायला जिथं झाकण उघडेल तिथं मी जाणार. घाण ओढायची मशीन आणा म्हणणार. नाही आणली तर आधी मला उचलून बाजूला टाकावं लागेल. चार लोकांदेखत.