आतून गुळगुळीत

शेलूबाजारात माझं शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. दर बाजाराला एक बाई येते. घेत काही नाही. नव्या पाइपाच्या तोंडात बोट घालते आणि डोळे मिटून आतून गोल फिरवते. पहिल्यांदा मी खेकसलोच, "बाई, घ्याचा हाय का?"

"नाई भाऊ. हा पाइप गुजरातेतल्या ज्या कारखान्यातून येते, तिथं आमचे मालक हायेत. प्लास्टिकच्या दाण्यात बारीक पांढरी पावडर तेच मिसळतात. नीट मिसळली का पाइप असा गुळगुळीत निघते. मिसळणाऱ्याचा जीव थाऱ्यावर नसला का खरबरीत."

मग बोट पदराला पुसून म्हणाली, "बरे हायेत."

तिचा नवरा दिवाळीलाही आला नाही, त्याचा फोनही लागत नाही, हे मला पुढे कळलं.

परवा नवा माल आला. सवयीनं मीच बोट घातलं, तर आत खरखर लागली. तो सगळा माल मी मागच्या खोलीत लोटला आणि आधीचा एक पाइप पुढे आणून ठेवला.

बाजाराच्या दिवशी ती आली. बोट फिरवलं.

"बरे हायेत," म्हणाली.

पण बोट काही तिनं लवकर बाहेर काढलं नाही.