त्यांच्या नावाची केबिन

आमच्या टेबलासमोर नवं जोडपं येऊन बसलं, की भाऊ आधी जहाजांची रंगीत पुस्तिका उचलून पालथी घालायचे आणि तिच्यावर आपला रुंद पंजा ठेवायचे.

"जहाज मंग पाहू," म्हणायचे. "आधी तुमी कोन, ते सांगा."

जोडपं गोंधळून नाव-गाव सांगू लागायचं.

"ते नाई वो. भांडन झालं, तं आधी बोलते कोन?"

आमचं चंद्रपुरातलं दुकान मामूनं उमराहच्या तिकिटांसाठी काढलं होतं. पुढे त्यात रेल्वे आली, नागपूरच्या बस आल्या, मोहर्लीच्या सफारी आल्या. मग लग्न झालेल्या पोरांना समुद्राची हौस सुटली. बाहेरचे लोक वाघ पाहायला आमच्याकडे येतात आणि आमची पोरं पाणी पाहायला तिकडे जातात. क्रूझचं काम मामूनं भाऊंवर टाकलं, कारण ग्राहकाशी बोलायची चिकाटी दुसऱ्या कुणात नव्हती. तेव्हा ते पन्नाशीत होते. मूलकडच्या एका तळ्याकाठच्या गावातले, मासे धरणाऱ्या घरातले. बारावी झालेले, अक्षर सुंदर. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी त्यांना भाऊ म्हणायचो. मामूचा भाचा म्हणून ते मला सेठ म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतः कुठे गेलेली नसतात, पण वाट बरोबर सांगतात. परत आलेल्या प्रत्येक जोडप्याला ते चहा पाजायचे आणि विचारून घ्यायचे. जेवणाचा वास कोणत्या खोल्यांत येतो? नाचगाण्याचा आवाज कुठवर पोचतो? कोणत्या महिन्यात पोटात ढवळतं? सगळं एका शाळेच्या वहीत उतरवून ठेवायचे. मुंबईच्या एजंटाला माहीत नसेल एवढं त्या वहीत होतं.

एकदा एक कोळसा खाणीतला मुलगा बायकोला घेऊन आला. दोन खोल्यांत नऊ माणसं. त्याला रोज नवं बंदर दाखवणारं जहाज हवं होतं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, "सेठ, यायले बंदर नाई पाह्यजे, दार पाह्यजे. बंद होनारं." त्यांनी त्या दोघांना कुठेही न थांबणारी सफर दिली. ज्यांचं लग्न घरच्यांनी ठरवलं आणि बोलणं अजून जमलेलं नाही, त्यांना मात्र रोज बंदराला लागणारं जहाज. "नवं काही दिसलं, का बोलाले विषय भेटते."

अहेरी तालुक्यातले एक शिक्षक नवराबायको आले होते. दोघांच्या शाळा दोन टोकांना, भेट फक्त रविवारी. मी त्यांना समुद्राकडची मोठी खिडकी घ्या म्हणत होतो. भाऊंनी आतली, बिनखिडकीची खोली लिहिली. "खिडकी कायले पाह्यजे? हे एकामेकालेच पाहतीन." बाई लाजून पदराशी खेळू लागल्या. महिन्याभरानं दोघं पेढे घेऊन आले, तेव्हा समुद्र कसा होता हे त्यांना नीट सांगता आलं नाही.

भाऊंच्या घरी मी अनेकदा जेवलो होतो. त्यांच्या बायकोच्या हातचा मरळ माशाचा रस्सा मला अजून आठवतो. त्या बोलक्या होत्या. लहानपणी पैजेवर गावचं तळं पोहून ओलांडलं होतं, ते सांगताना हात हलवून दाखवायच्या. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन मुलचेऱ्याला गेली होती.

माझं लग्न झालं त्याच वर्षी जहाज कंपनीनं आमच्या दुकानाला दोघांची एक केबिन फुकट दिली. बुकिंग चांगलं केल्याबद्दल. बुकिंग सगळं भाऊंचं होतं. पत्रात नावही ह्यांचंच होतं, कारण कंपनीशी बोलणारे तेच. मामूनं पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "घर की बात है. पोराचं नवं लग्न आहे."

पेच भाऊंनीच सोडवला.

"तुमी जा ना, सेठ. आमी म्हातारे कुठी जातो? अन् बाई माही पान्याले भेते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर पत्रावर ठेवली. तळं पोहून ओलांडणारी बाई पाण्याला भिते, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. खोटं होतं हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "बरं, भाऊ."

मग त्यांनी आमच्यासाठी सफर निवडायला घेतली. शबाना अहेरीच्या कापडवाल्यांची मुलगी. आमच्या अकरा माणसांच्या घरात येऊन तिला तीन महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात आम्ही दोघं सलग दहा मिनिटं एकटे बोललो नव्हतो. मला नाचगाण्याची, रोज पार्टीची सफर हवी होती. त्यांनी मला बाहेर पाठवलं आणि तिला एकटीला विचारलं.

"बाई, तुमाले काय पाहाचं हाय?"

"काहीच नाई, भाऊ. मले दोन दिवस कोनी आवाज देऊ नये."

त्यांनी लक्षद्वीपची पाच रात्रींची सफर लिहिली. दोन दिवस नुसतं पाणी, केबिनला छोटी बाल्कनी. मी कुरकुरलो. जहाजावर गेल्यावर कळलं, की ह्याहून बरं काही आम्हाला मिळालंच नसतं. पहिला दिवस शबाना झोपली. दुसऱ्या दिवशी ती बोलू लागली आणि मला कळलं की माझी बायको हसते, नकला करते, माझ्या मामूचीही करते.

तिसऱ्या दिवशी बाल्कनीत चहा पिताना मी सहज बोलून गेलो, की ही केबिन खरं तर भाऊंची. पत्र त्यांच्या नावाचं होतं.

तिनं कप खाली ठेवला. "मंग आपन इथी काऊन आलो?"

"त्यांनीच म्हटलं. बाई पाण्याला भिते म्हणाले."

"भेते का?"

मी नकारार्थी मान हलवली. ती भांडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी त्यायले पाठवाचं. पयले त्यायले."

मी कबूल केलं. मनापासून केलं होतं, एवढं तरी मला म्हणू द्या.

परत आलो, तेव्हा त्यांची बायको मुद्दाम गावाहून दुकानात आली होती. शबानाचा हात धरून बसली. "पानी खरंच निळं असते का वो? आमच्या तळ्याचं तं हिरवं असते." भाऊ वही उघडून माझ्यासमोर बसले होते. बाल्कनीत वारा किती, रात्री यंत्राचा आवाज येतो का, सगळं विचारलं, सगळं लिहिलं. चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी उमराहची गर्दी होती. त्याच्या पुढच्या वर्षी मामू आजारी पडला आणि दुकान माझ्यावर आलं. मग आमची मुलगी झाली. शबाना दर दिवाळीला आठवण करायची. मी म्हणायचो, पावसाळा संपू दे. समुद्र खवळलेला असतो, हे कारण मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. भाऊंनी एकदाही विषय काढला नाही. जोडपी येत राहिली, ते निवडून देत राहिले.

एका उन्हाळ्यात त्यांच्या बायकोला लकवा मारला. उजवी बाजू गेली. त्यांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तिले उठवाले, बसवाले मीच लागतो, सेठ."

तेव्हा कुठे मी त्या दोघांसाठी केबिन काढली. व्हीलचेअर जाईल अशी, रुंद दाराची. कागद घेऊन मी आणि शबाना त्यांच्या गावी गेलो.

बाई खाटेवर होत्या. ह्यांनी मला ओसरीवर बसवलं, कागद हातात घेतले आणि सवयीनं केबिनचा नंबर, मजला, तारीख वाचली. "चांगली निवडली," म्हणाले. मग कागद घडी करून माझ्या हातात परत दिले. "पन आता तिले खुर्चीत बी बसवत नाई. मान धरत नाई."

आत शबाना बाईंच्या उशाशी बसली होती. बाईंचं बोलणं जड झालं होतं, पण एक शब्द मला बाहेर ऐकू आला. "सांग."

शबानानं सांगायला सुरुवात केली. जहाजात शिरताना काय दिसतं, लांबच लांब गल्ल्या, पांढऱ्या चादरी. सकाळचं पाणी वेगळं, दुपारचं वेगळं. पाण्यातून उडणारे मासे सांगितले, तेव्हा बाई घशातून हसल्या, विश्वास नसल्यासारख्या. दुपार उतरेपर्यंत ती सांगत होती. भाऊ उंबऱ्यावर बसून ऐकत होते. ज्या माणसानं शेकडो जोडप्यांना प्रश्न विचारले, त्यानं त्या दिवशी एकही विचारला नाही.

निघताना ते आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. मला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमी गेले, ते बरंच झालं, सेठ. नाई तं आज तिले सांगतलं कोनं असतं?"

त्यात टोमणा नव्हता. मी खूपदा आठवून पाहिलं, नव्हता.

बाई त्या पावसाळ्यात गेल्या. भाऊ मुलीकडे मुलचेऱ्याला राहायला गेले आणि पुन्हा चंद्रपूरला आले नाहीत. फोन लावला तर जावई उचलतो, म्हणतो, बाबा बाहेर गेले. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कागद घेऊन त्यांच्या गावी गेलो त्याच दिवशी. मी गाडी वळवली तेव्हा ते निरोपाला थांबले नव्हते. बाई घरात एकट्या होत्या, म्हणून एका हातानं धोतर सावरत, भराभर, जवळजवळ पळतच घराकडे निघाले होते.