राजपुत्राचा सालगडी

एकोणीसशे चाळीसनंतरच्या त्या वर्षांत, मिरजगावाजवळच्या आमच्या मळ्यात, मी शेती कमी आणि अद्भुत कथाच जास्त करीत असे. राक्षस, उडते घोडे, बोलत्या विहिरी. शेती करायचा आमचा सालगडी, वर्षाच्या बोलीवर राहिलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दुपारी मोट सुटली की कडुलिंबाखाली बसून माझं लिखाण ऐकायचाही तोच. त्याच्याइतका जवळचा मित्र मला दुसरा नव्हता. पाडव्याला त्याचं साल संपणार होतं, आणि तो पुढं राहतो की नाही या धास्तीनं मी अर्धा झालो होतो.

कथेत एक राजपुत्र आणि त्याचा जिवलग सेवक सात डोंगर ओलांडून राक्षस मारायला निघाले होते. तिसऱ्या डोंगरावर सालगड्यानं मला थांबवलं.

"मालक, ह्यो गडी सालानं हाय का रोजानं?"

"अरे, तो प्रेमाखातर जातोय."

"प्रेम हाय, पर वहाना? सात डोंगर हायती."

मी मुकाट्यानं वहाणा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं सेवकासाठी घोंगडी मागितली, ती दिली. मग पेरणीला आठ दिवसांची रजा. राक्षस गुहेच्या तोंडाशी ताटकळत बसला, आणि राजपुत्राला एकट्याला चूल पेटवता येईना म्हणून दोन पानं उपासमारीत गेली. खरं सांगतो, कथा सुधारली. स्वतःच्या सालाबद्दल मात्र हा पठ्ठ्या चकार शब्द काढीना.

पाडव्याच्या सकाळी मीच विषय काढला, तर म्हणाला, "आदी त्येंचं मिटवा. दोगं जेवत्यात कुटं?"

मी जागच्या जागी लिहून वाचून दाखवलं. राजपुत्रानं सेवकाचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि दोघं एका ताटात जेवले. वाचताना मीच दोनदा डोळे टिपले. त्यानंही डोळे पुसले.

"ब्येस झालं," म्हणाला.

तेवढ्यात आतून जेवायची हाक आली. मी पाटावर जाऊन बसलो. त्याची पुरणपोळी नेहमीसारखी बाहेर ओट्यावर, वरून त्याच्या हातात टाकली गेली. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या पोळीवर तूप पडत होतं.

जेवून बाहेर आलो. "मग, राहतोस ना यंदा?"

त्यानं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"न्हाई मालक. यंदा त्या राजपुत्राकडंच ऱ्हावं म्हंतो."

मी खो खो हसलो. तो बांधापर्यंत पोचला तरी हसतच होतो. बांधावरून वळून हात करायची त्याची सवय होती, म्हणून ओट्यावर उभा राहिलो. त्या दिवशी तो वळला नाही.