कदम सरांची दोन मिनिटं

कदम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वीर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भांडत होतो. भांडण अर्धवट टाकून तिथेच पायरीवर बसलो... महिना झाला, राग काही उतरत नाही.

सर महाडच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे, मी मराठी. गावकऱ्यांसाठी परिसंवाद ठरला की मंचावर शेवटच्या खुर्चीत सर, आणि वेळ संपल्याची घंटी वाजवायला मी. आमच्याकडे आधी सत्कार. शाली इतक्या, की जोडल्या तर सावित्री नदी या काठापासून त्या काठापर्यंत झाकली असती. नारळ इतके, की पाचाडच्या खानावळींना वर्षभर खोबरं विकत घ्यावं लागलं नसतं. मग प्रास्ताविक. एकदा त्याच्या सुरुवातीला रांगत आलेलं बाळ शेवटाला चालत घरी गेलं. उरलेल्या दोन मिनिटांत सरांनी बोलायचं.

गेल्या वर्षी विषय होता दरडी. पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या सुमनताई उठल्या. "सर, आमच्या घरांमागं डोंगराला भेग हाय. आमी रावायचं का नाय, येवढंच सांगा."

सरांनी माईक ओढला. "ताई, भेग कधीपासून..." प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटी वाजवली. आभारप्रदर्शन व्हायचं होतं ना!

सर मला एवढंच म्हणाले, "छान वाजवतोस." रविवारी एसटीने वाडीवर गेले. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या, सुमनताईंना मोजपट्टी दिली आणि बजावलं, अंतर वाढलं की आधी घर सोडा, मग मला फोन करा. पुढे दर महिन्याला जात राहिले. मलाही चल म्हणायचे. माझे गुडघे दुखायचे, तेही नेमके रविवारी.

शोकसभेतसुद्धा आधी पाहुण्यांचा सत्कार झाला. सरांच्या फोटोला हार त्यानंतर. तेवढ्यात मागून सुमनताई उठल्या. "खुंट्या बोटभर लांब गेल्यात. सरांनी सांगितलं तसं आमी घरं सोडली, शाळंत रावतोय. परत जायाचं का नाय, ते आता कोन सांगनार?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटी खिशात घातली. "बोला ताई," म्हटलं, "सगळं बोला."

मला खडकातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तीन आठवडे कचेऱ्यांचे उंबरे झिजवून एक भूगर्भवाले साहेब गाठलेत. उद्या रविवार, त्यांना वाडीवर नेतोय. साहेब म्हणाले, दोन मिनिटांत बघून येऊ.

घंटी अजून खिशातच आहे. भेग नीट न पाहता साहेब गाडीकडे वळले, की वाजवणार.