पूजेचा चेंडू

"टाक! खाली टाक तो चेंडू!"

सेक्रेटरीसाहेब ओरडले आणि अख्खी व्यायामशाळा चिडीचूप झाली. लेझीम थांबली. आरतीचं तबक घेतलेला माणूस तबक तसंच धरून उभा राहिला. सगळे माझ्याकडं पाहत होते. माझ्या हातात चेंडू होता.

खंडेनवमीचा दिवस. अमरावतीच्या आमच्या व्यायामशाळेत त्या दिवशी सगळ्या साधनांची पूजा व्हायची. लाठ्या, भाले, मुदगल, आणि ओट्यावर लाल कापडावर बास्केटबॉलचा नवा चेंडू. मुंबईहून मागवलेला, अस्सल कातडी. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी ह्याच व्यायामशाळेच्या संघात खेळायचो, पण पूजेला दूर लिंबाखाली उभा होतो. दरवर्षी तिथंच उभा राहायचो. तिथं उभा राहा असं कोणी कधी सांगितलं नव्हतं, पण इकडं ये असंही कोणी म्हणत नसे. कोणाचा तरी धक्का लागला, चेंडू ओट्यावरून सुटला, टप्पे खात सरळ माझ्याकडं आला. मी झेलला. विचारबिचार काही नाही. चेंडू अंगावर आला की खेळणाऱ्याचे हात आपोआप जातात.

चेंडू टाकवेना. नवा होता. मी तो हळूच जमिनीवर ठेवला.

"बाटवलास ना पूजेचा चेंडू!" साहेब म्हणाले.

मग बादली आली. पाण्यात गोमूत्र पडलं. दोघांनी चेंडू त्यात बुडवला, दाबून धरला, बाहेर काढला, परत बुडवला. मी तिथंच उभा. माझ्या हाताचं चेंडूला लागून लागून काय लागलं होतं? घाम. तोच घाम वर्षभर त्यांच्याही हाताला लागत होता! मी दिलेला पास ते छातीवर घ्यायचे, त्याच हातानं तोंड पुसायचे. तेव्हा कुठं जायचा विटाळ? आणि कातडं तरी कशाचं? मेलेल्या ढोराचं. आमच्या आज्यानं जन्मभर गावची मेलेली ढोरं ओढली, म्हणून आम्ही बाटलेले. त्याच ढोराचं कातडं शिवून आलं की ते ओट्यावर. वा रे वा!

त्या दिवशी घरी जाताना वासूच्या सायकलवर डबलशीट बसलो. वासू माझ्याच गावचा, वलगावचा. कुणब्याचा पोरगा. काळी जमीन, विहीर, सगळं बरं होतं त्याचं. माझ्या मायच्या हातची भाकर त्यानं शेताच्या धुऱ्यावर बसून चोरून खाल्लेली. संघात माझा खरा जोडीदार तोच. तो पास द्यायचा, मी फेकायचो.

"मनावर नको घेऊ बे," तो म्हणाला. "म्हातारा येडा हाय."

"मंग तू काहून नाई बोलला?"

तो पायडल मारत राहिला.

घरी बाबांनी विचारलंच, "तू त्यायच्या नवमीले जातच काहून?" बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. नागपूरला दीक्षा घेऊन आले त्या आठवड्यात त्यांनी घरातले देव नाल्यात सोडले होते. मला खेळायचं होतं. बास. दुसरं काही येतच नव्हतं मला.

आणि दसऱ्यानंतर अकोल्याला सामना होता. प्रांताचा संघ निवडणारे लोक तो पाहायला येणार होते. अमरावतीतून एकच पोरगा घेतील असं बोललं जात होतं, आणि तो मीच असं सगळेच म्हणायचे. साहेबसुद्धा. व्यायामशाळेच्या फळ्यावर त्यांनी पेपरातला एक फोटो चिकटवला होता. ब्राझीलचा बास्केटबॉलचा संघ, जग जिंकलेला. त्यात गोरेही होते, माझ्यासारखे काळेही होते, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. साहेब म्हणाले होते, "बघा रे, खेळात माणसाचा रंग पाहत नाहीत." त्यातल्या एका उंच काळ्या गड्याकडं मी रोज पाहायचो. वाटायचं, ह्याचं घर गावाच्या आत असेल का बाहेर? ह्याच्यामागं कोणी चेंडू धुवत असेल का? मग वाटायचं, एकदा प्रांताच्या संघात गेलो की मला तरी कोण विचारतो!

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं आम्ही अकोल्याला गेलो. साहेबांनी पंचांकडं हट्टच धरला, आमचा पूजेचा चेंडू आहे, त्यानंच खेळायचं. पण तो चेंडू बादलीत भिजला होता, मग उन्हात वाळला होता. कातडं एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं लाकडासारखं टणक. टप्पा पूर्वेला टाकावा तर पश्चिमेला जाई. अकोलेवाले रिंगीखाली घुसून टाकत होते, त्यांचं भागलं. आमचा सगळा खेळ माझ्या लांबच्या फेकीवर. मी फेकायचो आणि चेंडू हवेतच वाकडा व्हायचा. लोक हसायला लागले. निवड करणारे खुर्च्यांवर बसून आपसात बोलत होते. माझे हात माझेच राहिले नव्हते.

मध्यांतर झालं. आम्ही बरेच मागं होतो. साहेबांनी चेंडू एका खुर्चीवर ठेवला, खाली पंचा अंथरला, आणि मला बोलावलं.

"नवमीचा विटाळ अजून गेला नाही. म्हणून पडत नाही चेंडू. ह्याच्यासमोर नाक घास, क्षमा माग. मग उतर खेळायला."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मस्करी नव्हती. पदवी घेतलेला, कोट घातलेला माणूस. स्वतःच पाण्यात घालून चेंडू नासवला, आणि खुर्चीवर मांडून मला त्याच्यासमोर नाक घासायला सांगत होता.

वासू जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "घास न बे. दोन मिन्टाचं काम हाय. मंग खेळू."

साहेबांचं काही नाही, ते साहेबच होते. पण वासूचं ते बोलणं काळजात घुसलं. त्याच्यासाठी खरंच दोन मिनिटांचं काम होतं. नाक माझं होतं.

"नाई घासत," मी म्हणालो.

"मग बस बाहेर."

"बसतही नाई. चाललो."

संघाची बनियन काढली, बाकावर ठेवली, माझा सदरा घातला. निवड करणाऱ्यांच्या खुर्च्यांसमोरून स्टेशनकडं निघालो. कोणी हाक मारली नाही. मला वाटलं होतं वासू मारेल. गाडीच्या दारात बसून बडनेऱ्यापर्यंत रडलो. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडलो.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"घासलं नाक?"

"नाई."

"मंग हात धू अन् जेव."

प्रांताच्या संघात वासूला घेतलं. सांगायला तो आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत आला, सायकलवरून उतरला नाही. "मले घेतलं," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "खेळ बेस." तो वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

वासू गेला आणि संघ खिळखिळा झाला. वर्षभरानं, नवमी जवळ आली असताना, सेक्रेटरीसाहेब मोटार घेऊन आमच्या वस्तीत आले. मायनं पाणी पुढं केलं. "नको, आत्ताच घेतलं," म्हणाले. खाटेवर बसले नाहीत.

"झालं गेलं विसर," ते मला म्हणाले. "नाकबीक काही घासू नकोस. नुसता ये. यंदा तुझी निवड मी करून देतो."

वर्षभर चेंडूला हात लागला नव्हता. झोपेत बोटं हलायची. हो म्हणावं असं फार वाटलं. दारात बाबा उभे होते. त्यांनी माझ्यावर सोडलं.

"येतो साहेब," मी म्हणालो. "पन नवमीले सगळ्यायसमोर तुमी म्हना, चेंडू बाटला नव्हता. पान्यात घालून आमीच नासवला."

"अरे, एवढ्याशा गोष्टीसाठी आयुष्याचं नुकसान करून घेतोस?"

"एवढीशी हाय ना? मंग म्हना."

साहेब वळले आणि मोटारीत बसले.

ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मी गेलो नाही. प्रांताकडून खेळायचं राहिलं ते राहिलंच. त्याचं दुःख आहे, मरेपर्यंत राहील. पण त्या दिवशी ठरवलं ते ठरवलं. माझे हात पाहिजेत आणि माझा विटाळही मानणार, असं ज्या मैदानावर चालतं त्याच्यावर मी पाय ठेवणार नाही. ठेवल्यावर कळलं, तर खेळ अर्धा टाकून निघेन. आणि निघताना कारण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन.