कवळीवाले आणि गोगलगाय

आमच्या समोरच्या दारात राहणारे गृहस्थ कवळ्या बनवतात. दुसऱ्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात बसवून देतील, पण स्वतःच्या तोंडातून एक गोड शब्द निघेल तर शपथ. आख्खी बिल्डिंग त्यांना कवळीवाले म्हणते. मी तोंडावर भावजी म्हणते, कारण त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. शिवाय साखर संपली की मला तिचंच दार वाजवावं लागतं.

भावजींना नाद एकच. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून काढायचा एक नकाशा आहे. कुणीही यावं, आपली गल्ली काढावी, दुकान टाकावं, नळ दाखवावा. कुणी काय काढलं ते दुसऱ्याने तपासावं आणि खाली अभिप्राय लिहावा. आमच्या भागापुरतं हे तपासायचं काम भावजींनी आपणहून अंगावर घेतलेलं. टेबलाच्या एका अंगाला प्लॅस्टरचे जबडे वाळत पडलेले, दुसऱ्या अंगाला कॉम्प्युटर, आणि मधोमध भावजी, चष्मा कपाळावर चढवून.

त्यांचे अभिप्राय मी वाचलेत. वाचणार नाही तर काय, मी पडले चौकस. ‘चूक. काढलं.’ हा त्यांचा नेहमीचा. जरा लाडात आले तर ‘न बघता रेघा ओढू नका.’ एका पोरीने मोठ्या हौसेने आमच्या कोपऱ्यावरची बाग काढली, झाडंसुद्धा एकेक करून लावली. हे म्हणाले, ‘बागेला फाटक असतं.’ ती जी गेली ती गेलीच. तिच्या बागेला आजही फाटक नाही.

“भावजी, तुमचे अभिप्राय वाचून माणसं नकाशातून पळून जातात,” मी म्हणायची.

“जाऊ देत. चुकीच्या रस्त्यापेक्षा कोरा कागद परवडला, वहिनी.”

मग आली गोगलगाय. नकाशावर तिने घेतलेलं नावच ते. बाई की बाप्या, कुणाला ठाऊक नाही. आमच्या मागच्या टेकडीवरची वस्ती नकाशात नुसतीच हिरवी होती. गोगलगायीने एकेक घर, एकेक बोळ काढत ती भरून टाकली. भावजी मनातून खूश होते, पण बोलतील तर ते भावजी कसले.

आणि मग गोगलगायीने तो जोड दिला. आमच्या बिल्डिंगमागची गल्ली टेकडीच्या पायथ्याशी संपते. वरच्या वस्तीतली गल्ली बरोबर तिच्या डोक्यावर येऊन संपते. मध्ये उंच दगडी भिंत आणि चढत जाणाऱ्या पायऱ्या. वरून घेतलेल्या फोटोत मात्र तिथे नुसती झाडं दिसतात, त्यामुळे दोन्ही गल्ल्या एकच वाटाव्यात. गोगलगायीने दोन्ही टोकं जोडून सलग रस्ता केला. असं जोडलं की फोन गाड्यांना खुशाल तिथून पाठवतो. दोन दिवसांत कुरियरच्या दोन व्हॅन गल्लीच्या टोकाला, भिंतीपाशी येऊन अडकल्या. वळायला जागा नाही, मागून हॉर्न, ड्रायव्हरच्या तोंडी आमच्या आईबापांचा उद्धार.

भावजींनी जोड तोडला. ‘चूक. काढलं.’

गोगलगायीने परत जोडला. ‘माझं जाणं-येणं इथूनच.’

भावजींनी परत तोडला. ‘थापा मारू नका.’

गोगलगायीने परत जोडला. या खेपेला खाली एक अक्षरही नाही.

“गोगलगाय आणि पोटात पाय!” भावजी जबड्यावर मूठ आपटत म्हणाले. कुणाच्या तरी सुळ्याचा टवका उडाला. “कुणीतरी कार्टं असणार. नकाशाच्या वरिष्ठांकडे तक्रार करून त्याचं खातंच बंद करून टाकतो.”

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं. भावजींची धाकटी लेक त्याच वरच्या वस्तीत राहते. नववा महिना, रक्तदाब चढलेला, नवरा कामावर परगावी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पायरी चढायची नाही, उतरायची नाही, आणि डोकं दुखायला लागलं की घरात थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. अक्का तिच्याकडेच जाऊन राहिली होती. म्हणजे वेळ आली तर ॲम्ब्युलन्स लेकीच्या दारापर्यंत जायला हवी. आणि ॲम्ब्युलन्सवाले फोनमध्ये बघून कुठून येणार? या जोडावरून.

“भावजी, एक विचारू? गिऱ्हाईक येऊन म्हणालं, कवळी टोचतेय, तर तुम्ही काय म्हणता? थापा मारू नका?”

“असं कसं म्हणेन? विचारतो कुठे टोचतंय. मग तेवढंच घासतो.”

“मग या गोगलगायीला विचारलंत का कधी?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाचा कप उचलून सरळ घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे डोकावले होते, तोच अक्काचा फोन आला. भावजींच्या हाताला ओलं प्लॅस्टर, म्हणून मीच उचलला. “हिचं डोकं फुटतंय गं. डोळ्यांपुढे चमकतंय म्हणते. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय. कुठल्या वाटेने येतील, यांना विचार!”

भावजी हात न धुताच कॉम्प्युटरकडे धावले. जोड तसाच होता. त्यांनी तोडला, पण तोडून काय होणार? फोनमधले नकाशे काही लगेच बदलत नाहीत. गाडी आमच्याच गल्लीत शिरणार हे नक्की.

“खाली उभे राहू. वळवून पाण्याच्या टाकीकडून जो गाडीरस्ता चढतो, त्याने वर पाठवू,” मी म्हणाले.

भावजी पडद्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, “टाकीचा रस्ता चालू आहे का, वहिनी?”

“तुम्हीच तपासलाय ना?”

“फोटोवरून.” त्यांचा चेहरा टेबलावरच्या साच्यासारखा पांढरा पडला होता. अक्का पायऱ्यांनी जा-ये करायची, तिला गाडीरस्त्याचं काय माहीत? लेक कित्येक आठवडे घराबाहेर पडलेली नाही. जावयाचा फोन लागेना.

तेव्हा भावजी खुर्चीत बसले, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, प्लॅस्टरच्या बोटांनी त्यांनी लिहिलं: ‘तुम्ही वस्ती फार चांगली काढलीत, हे आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही त्या जोडावरून कशाने जाता, हे मी विचारलंच नाही. तिथे पायऱ्या आहेत, चारचाकी अडकते. माझी मुलगी वर आहे, बाळंतपण जवळ आलंय, ॲम्ब्युलन्स निघाली आहे. टाकीचा रस्ता उघडा आहे का? माहीत असेल तर कृपा करून सांगा.’ खाली वस्तीतल्या घराची खूण आणि स्वतःचा फोन नंबर.

‘कृपा करून’ हे दोन शब्द मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच पाहिले.

आम्ही खाली धावलो. मी चपला उलट्यासुलट्या घातलेल्या, भावजी अनवाणी. फोन मुठीत. उत्तर नाही. तोच वळणावर सायरन वाजला आणि ॲम्ब्युलन्स नेमकी आमच्या गल्लीकडे वळली. भावजी दोन्ही हात पसरून समोर उभे राहिले.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “काका, बाजूला व्हा! पेशंट आहे वरती!”

“माझीच मुलगी आहे ती! पुढे भिंत आहे, गाडी जात नाही.”

“नकाशात आरपार रस्ता दाखवतोय.”

“नकाशा चुकलाय.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच तपासतो तो!”

“मग नीट तपासा की!” ड्रायव्हरने खाडकन गिअर टाकला. “बोला, कुठून जायचं?”

भावजींनी टाकीच्या दिशेने हात उचलला आणि परत खाली घेतला. टाकीकडून म्हणावं आणि रस्ता बंद असला तर? शाळेकडून म्हणावं, तर लांबचा वळसा, आणि वर मुलीचं डोकं फुटतंय. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं आपटत होता.

फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, धापा टाकत.

“गोगलगाय बोलतेय. टाकीपाशी रस्ता खणलाय, चारचाकी जाणार नाही. शाळेमागून या. तिथे दोन फाटे फुटतात, मी फाट्यावर उभी राहते. निळी स्कूटर.”

गाडी वळली. भावजी ड्रायव्हरशेजारी चढले, मी मागे, स्ट्रेचरची कड धरून. शाळेमागे फाट्यावर खरंच निळी स्कूटर होती. वर माझ्याच वयाची बाई, ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली. आम्हाला पाहताच तिने स्कूटर पुढे काढली आणि हॉर्न दाबून धरत बोळातल्या बायका, बादल्या, कोंबड्या सगळ्यांना भिंतीला चिकटवत आम्हाला लेकीच्या दाराशी नेऊन सोडलं. लेक उंबऱ्यात बसलेली होती, अक्काच्या खांद्यावर डोकं टाकून. हॉस्पिटलात तिला सरळ आत घेतलं. “आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी नात झाली, नाजूकशी पण ठणठणीत आवाजाची. तो आवाज आजोबांचा. लेकही बरी आहे.

गोगलगायही स्कूटरवरून मागोमाग हॉस्पिटलात आली होती. ती घरोघर जाऊन गाणं शिकवते. पायऱ्यांच्या कडेला स्कूटर चढवण्यासाठी सिमेंटची अरुंद पट्टी आहे, तिच्यावरून ती रोज आमच्या गल्लीत उतरते. म्हणजे थापा नव्हत्या. फक्त स्कूटरची वाट तिने मोटारीचा रस्ता म्हणून जोडली होती. “मला कुणी सांगितलंच नाही की पायऱ्या वेगळ्या काढतात आणि पट्टी वेगळी,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं ‘चूक’ म्हणालात. काय चूक, ते कळलं तर सुधारेन ना? मग मलाही चढला राग.”

हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच भावजींनी तिला पायऱ्या कशा काढायच्या ते दाखवलं. घरी आल्यावर एक लांबलचक अभिप्राय लिहिला. कुठली घरं नेमकी आहेत, कुठला बोळ जरा तिरका गेलाय, तो पुन्हा जाऊन बघता येईल का. पाठवण्याआधी मला वाचून दाखवला, आणि मी हसले नाही, हे माझं पुण्य.

तासाभरात तिचं उत्तर आलं: ‘आभार. तिरका बोळ उद्या बघते. एक सांगू का? तुमच्या बिल्डिंगचं दार तुम्ही मागच्या गल्लीत दाखवलंय. मी आज दोन फेऱ्या मारल्या, मला ते पुढेच दिसलं. तुम्ही एकदा खाली उतरून बघाल का?’

भावजींचे कान लाल झाले. जबडा आवळला गेला. बोटं कीबोर्डवर आली.

‘बघतो,’ त्यांनी लिहिलं, आणि चपला शोधायला उठले.